राक्षसाची बायको

मनकर्णेचे वडील सोयरीक जुळवायला उंद्रीहून निमखेडला गेले, तेव्हा त्यांनी पाहायचं ते सगळं पाहिलं. विहिरीला उन्हाळ्यात पाणी टिकतं का ते पाहिलं, बैलांच्या पाठीवरून हात फिरवला, मुलाला अंगणात चालायला लावलं, त्याच्या आईशी दोन शब्द बोलून तिच्या जिभेची धार अजमावली. एक गोष्ट तेवढी विचारायची राहिली. निमखेडात राक्षसाचा मान कोणत्या घराकडे आहे, हे सोयरिकीत कुणी विचारत नाही.

तो मान तुळशीरामच्या घराकडे होता.

चैत्रात, हनुमान जयंतीच्या दुसऱ्या दिवशी, निमखेडात लवणासुराचं सोंग निघायचं. लोणारची कथा त्या मुलखात लहान पोरांनाही पाठ: लवणासुर माजला, देव आला, देवानं त्याला मारलं. देव व्हायचा मान माणिकरावांच्या घराकडे, कारण गावात सगळ्यांत जास्त जमीन त्यांची. मार खायचा मान तुळशीरामच्या घराकडे. दोन्हीला मानच म्हणत. देव मुकुट घालून घोड्यावरून यायचा. राक्षसानं मात्र पहाटेपासून तोंडात पाण्याचा थेंब न घेता राहायचं, अंगाला काजळी फासायची, लाकडी मुखवटा चढवायचा, गावभर डरकाळ्या फोडत फिरायचं आणि दिवस कलला की मारुतीसमोरच्या पारावर चढायचं. तिथं देव लाकडी तलवारीनं त्याच्या छातीवर वार करणार आणि राक्षसानं पारावरून उताणं खाली पडायचं. उताणंच. पालथा पडला तर ते मरण धरत नसत. मग पोरं ढेकळं मारणार, बाया राख टाकणार, आणि शेवटचा माणूस घरी जाईपर्यंत राक्षसानं मेलेलं राहायचं. हे सगळं देवळात दिवा लागायच्या आत उरकायला हवं. एकदा मारुतीपुढे दिवा लागला की कुणावर हात उचलायचा नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण राक्षसाच्या बायकोलाही काम नेमून दिलेलं होतं.

लग्न माघात झालं. चैत्रात नवी नवरी चुलीपुढे बसली होती आणि तिची सासू जनकाबाई हातात ओलं फडकं घेऊन आली.

"कुंकू पूस."

"काऊन?"

"तुह्या नवऱ्याले मारून राह्यले ना तिकडं. पूस. तो घरी आला का मंग लावजो."

"खरंखुरं थोडीच मारून राह्यले, आत्याबाई."

"मंग तू बी खरंखुरं थोडीच पुसून राह्यली. घे."

मारणारा देव पुरुष, मरणारा राक्षस पुरुष, पाहणारा सगळा गाव मजेत, आणि घरात बसून कपाळ पुसायचं ते बाईनं. का, असं विचारलं तर 'असं असते' यापलीकडे कुणाकडे उत्तर नव्हतं. मनकर्णेकडे तेव्हा उलट बोलायचं धाडस नव्हतं, ते पुढं आलं. तिनं कपाळ पुसलं. राक्षस घरी येईपर्यंत घरात दिवा लावायचा नाही आणि उंबरा ओलांडायचा नाही, असाही नेम होता. ती चुलीपाशी बसून राहिली. लांबून डफ ऐकू येत होता, मग एकदम गलका उठला, मग काहीच नाही. आपला नवरा मेल्यावर गाव किती खूश झालं, हे तिनं लग्नाला तीन महिने व्हायच्या आत ऐकलं.

तो मागच्या बाजूनं, गोठ्यातून आला. मेलेल्या राक्षसानं पुढच्या गल्लीतून घरी यायचं नसतं. अंगावर काजळी, केसांत माती, कोपर खरचटलेलं. विहिरीवर आंघोळ करून आत आला, कोनाड्यातला करंडा घेतला आणि तिच्या कपाळाला कुंकू लावायला लागला. आजवर त्यांची धड तोंडओळखही झाली नव्हती. दिवसाउजेडी त्यानं तिला हात लावण्याची ती पहिली वेळ.

"घाबरली का?" त्यानं विचारलं.

"तुम्ही जेवले का?" ती म्हणाली.

तो हसला. दिवसभरात त्याला कुणी हे विचारलं नव्हतं.

त्या दिवसापासून दरवर्षी त्याच्यासाठी एकच स्वयंपाक ठरला: ज्वारीची भाकर, ताकाची कढी आणि तिच्यात बुडवून खायचे तुरीच्या डाळीचे वाफवलेले फुणके. इकडे कपाळ पुसून बसायचं आणि हातानं फुणके वळायचे. हात रिकामे ठेवले तर डोक्यात नको ते येतं, हे ती अनुभवानं शिकली.

तुळशीराम अख्ख्या निमखेडात सगळ्यांत मऊ माणूस. आवाज दणदणीत, छाती कवाडासारखी, आणि भिंतीवर पाल दिसली की खाट उचलून अंगणात. बैलाला कधी त्यानं चाबूक लावला नाही. कापसाची गाडी घेऊन खामगावला गेला की बाजारात कुणीही यावं आणि त्याला बाजूला सारून पुढं गाडी घालावी. मनकर्णाबाई सोबत असली तर मात्र तसं व्हायचं नाही. ती काटकुळी, चालायला भराभर, बोलायला त्याहून भराभर. कापूस वेचायला बाया तिच्या ओळीला लागायला नको म्हणत, कारण तिच्याबरोबर राहायचं तर पाठ सरळ करायलाही फुरसत मिळायची नाही.

तिला त्याची एकच गोष्ट सहन होत नसे. तो फार हळू जेवायचा. घास हातात घेऊन बघत बसायचा, मग सावकाश चावायचा, मध्येच बैलांकडे पाहायचा.

"तुम्ही जेवता का भाकरीले गोष्ट सांगता?" ती विचारायची.

"जेवून राह्यलो ना व. पळून थोडीच जाऊन राह्यली भाकर."

ताटावर बसलेल्या माणसाला उठवायचं नाही, ही रीत निमखेडात कुणी मोडत नसे. भांडायला आलेला माणूससुद्धा ओट्यावर बसून राहायचा, समोरचा हात धुऊन बाहेर आला की मग भांडायचा. एकदा कारभारी शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडायला आला. कारभारी म्हणजे गावचा डफवाला, सोंगाची सगळी गाणी त्याच्याच तोंडात. आला तेव्हा तुळशीराम जेवत होता. कारभारी ओट्यावर बसला, पान खाल्लं, दुसरं खाल्लं, डोळा लागला, उठला आणि "जाऊ दे बाप्पा" म्हणून घरी गेला. मनकर्णाबाई हे पुढं कितीतरी दिवस सांगून हसायची.

वर्षं गेली. दोन मुली झाल्या, त्यांची लग्नं झाली. मुलगा नव्हता. तुळशीरामच्या दाढीत पांढरं दिसायला लागलं, तरी चैत्र आला की मुखवट्यावरची धूळ झटकणं चालूच. पाराखाली, तो पडायचा तिथं, पूर्वी कडब्याच्या पेंढ्या टाकत असत. मग कडब्याची ओढाताण सुरू झाली, पेंढ्या पातळ झाल्या, आणि एका वर्षी टाकायच्याच राहिल्या. कुणी मुद्दाम केलं असं नाही. ज्याला पडायचं नसतं त्याच्या हे लक्षात राहत नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन सात-आठ वर्षं झाली होती. त्या साली सोंगात गलका उठला, शांत झाला, आणि तुळशीराम घरी आला नाही. मनकर्णाबाई कपाळ पुसून बसलेली. कढीवर साय धरली. शेजारपाजारी दिवे लागले. जनकाबाईला तोवर डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं, पण तीही आवाज घेत खाटेवर उठून बसली. नेम होता उंबरा न ओलांडायचा. मनकर्णाबाईनं आजवर तो पाळला होता. त्या दिवशी ती उठली आणि तशीच उघड्या कपाळानं पाराकडे गेली.

तिथं कुणी नव्हतं. पाराखाली तुळशीराम उताणा पडलेला, मुखवटा तोंडावर, अंगभर राख आणि ढेकळांचा चुरा. उशाशी एक कुत्रं बसलेलं. पावलं वाजली तसा मुखवट्याच्या आतून बारीक आवाज आला.

"गेले का सगळे?"

"गेले," ती म्हणाली.

"मंग मले उठव. मले उठता नाई येऊन राह्यलं."

तो इतका वेळ हाक न मारता पडून होता, कारण मेलेला राक्षस बोलत नाही. मनकर्णाबाईला त्या क्षणी त्याला पोटाशी धरावं की दोन ठेवून द्याव्या, हे कळेना. शेवटी तिनं मुखवटा काढून बाजूला ठेवला, पदरानं त्याच्या डोळ्यांतली राख पुसली आणि माणसं बोलावून आणली.

उंद्रीपर्यंत बैलगाडीनं आणि तिथून एस.टी.नं त्याला खामगावला नेलं. डॉक्टरांनी सांगितलं की मणका दुखावलाय. जपला तर शेतात जाईल, पण पुन्हा असा उंचावरून पडला तर खाटेवरून उठणार नाही. तुळशीराम "बरं साहेब" म्हणाला. तो सगळ्यांनाच "बरं" म्हणायचा, म्हणून मनकर्णाबाईनं डॉक्टरांना तेच आपल्याकडे तोंड करून पुन्हा सांगायला लावलं.

पुढच्या वर्षी होळी झाली तशी ती माणिकरावांकडे गेली. ते ओसरीवर झोपाळ्यात बसले होते. त्यांचा मुलगा पंजाबराव बाजूला उभा होता. तो खामगावला कॉलेजात शिकून आलेला, टेरिलीनची पॅन्ट घालणारा, आणि आता वडिलांच्या जागी सोंगात देव होणारा. मागल्या वर्षीचा वार त्याचाच. तो मान खाली घालून होता.

"औंदा दुसऱ्या कोनाले राक्षस करा, मामाजी," मनकर्णाबाई म्हणाली.

"कोनाले करू? तूच सांग. मी विचारून आलो साऱ्या घरी. गडी तयार हायेत, त्याईच्या बायका कुंकू पुसाले तयार नाईत."

इतर बायका नाही म्हणू शकतात, हे तिला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

"मंग राक्षसाले पाडू नका. नुसतं हरवा."

"न मारता? मंग ते सोंग सरन कसं? लोक काय पुढच्या चैत्रापर्यंत बसून राह्यतीन? आन्‌ राक्षस मेला नाई तं गावात रोगराई येते. वाडवडील का येडे होते?"

पंजाबराव हळूच म्हणाला, "बाबा, मी हळू मारतो."

"तू हळू मारशील बापू," मनकर्णाबाई म्हणाली, "पन पार कुठं हळू हाये."

घरी येऊन तिनं नवऱ्याशी वाद घातला. मुखवटा विहिरीत टाकते म्हणाली, माहेरी जाते म्हणाली. तो दोर वळत बसला होता. दोराचा पीळ पुरा करून त्यानं तो बाजूला ठेवला.

"मले आवडते ते," शेवटी म्हणाला.

"मरनं आवडते?"

"मरनं नाई व. त्याच्या आंधीचं. सालभर मले कोनी पुसत नाई. मी बोललो का, लोक मधातच दुसरं काई बोलाले लागतात. त्या दिशी मी पारावर चढतो आन्‌ एक डरकाळी मारतो, त मानिकराव बी मांगं सरकतात. तू कधी आयकली नाई. तू घरात असतं."

इतक्या वर्षांच्या संसारात त्यानं स्वतःसाठी काही मागितलेलं तिला आठवेना. खामगावच्या बाजारात त्याला बाजूला सारणारी माणसं आठवली. डरकाळी त्याच्याकडून काढून घ्यायची तिची तयारी नव्हती. पडणं तेवढं काढून घ्यायचं होतं. ते कसं, हे मात्र तिला हनुमान जयंती उजाडली तरी सुचलं नाही.

सोंगाचा दिवस आला. तुळशीरामनं पहाटे काजळी फासली, पाठीला घट्ट पंचा बांधला आणि तिच्याकडे न बघता निघून गेला. ऊन चढलं, कललं. डरकाळ्या गल्लीगल्लीतून ऐकू येत होत्या. मनकर्णाबाई फुणके वाफवून कढीला फोडणी देत होती. ओलं फडकं तिच्या बाजूला ठेवलेलं होतं.

"पुसलं का?" जनकाबाईनं खाटेवरून विचारलं.

"नाई."

"काऊन?"

"हात धजत नाई, आत्याबाई. औंदा पुसलं त मंग लावाले भेटन का नाई, कोन जाने."

म्हातारीनं मोडता घातला असता तर मनकर्णाबाईनं कदाचित पुसलंही असतं. पण जनकाबाई थोडा वेळ तशीच बसली, मग म्हणाली, "तुह्या सासऱ्यापायी मी लय वर्सं पुसलं. तो बिचारा उपाशी पोटीच पडे दर साली. मले एवढंच वाटे का दोन घास खाऊन तरी मराव मानसानं." मग तिनं नाकानं वास घेतला. "कढी झाली ना?"

"झाली."

"मंग अठी बसून काय करतं?"

मनकर्णाबाईला सुचायचं ते तेव्हा सुचलं. तिनं ताट वाढलं, वरून पदर घातला, पाण्याचा तांब्या घेतला आणि उंबरा ओलांडला.

पाराभोवती सगळा गाव उभा होता. पोरांच्या मुठीत ढेकळं तयार, बायांच्या सुपात राख. माणिकराव खुर्चीवर बसलेले. पारावर तुळशीराम काठाशी उभा, आणि त्यानं छाती भरून डरकाळी फोडली. मनकर्णाबाईनं ती जन्मात पहिल्यांदा जवळून ऐकली. तिच्या हातातलं ताट हाललं. खरंच, माणिकरावांची खुर्ची मागं सरकली होती.

पंजाबरावानं तलवार उचलली. कारभारीचा डफ जोरात वाजायला लागला. मनकर्णाबाई गर्दीतून वाट काढत पारावर चढली आणि दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली. डफ थांबला. या ठिकाणी काय गायचं, ते कारभारीला कुणी शिकवलं नव्हतं.

देव ओठांच्या कोपऱ्यातून म्हणाला, "काकू, बाजूले व्हा. मले मारायचं हाये."

"मार ना बापू. मी कुठं नाई म्हनून राह्यली. पन सकाळपासून त्याच्या पोटात पान्याचा थेंब नाई. उपाशी मानसाले मारतं का तू? जेवू दे, मंग मार."

बायांच्या बाजूनं कुणीतरी हसलं. मग आणखी कुणी.

"मनकर्णाबाई," माणिकराव खुर्चीवरून म्हणाले, "हे सोंग हाये."

"हाव ना, मामाजी. मंग सोंगातच जेवू द्या."

मुखवट्याच्या आतून तुळशीराम कुजबुजला, "घरी जाय व. काऊन साऱ्या गावात लाज आनतं?"

"जेवा. संगच जाऊ."

तिनं ताट त्याच्यापुढे ठेवलं, तांब्या ठेवला आणि पदर बाजूला केला. कढीचा वास पारावर पसरला. वाढलेलं ताट पुढं आल्यावर ते लोटून द्यायचं म्हणजे अन्नाला लाथ मारणं, आणि तेवढा राक्षस तुळशीराम नव्हता. तो पाठ सांभाळत हळूहळू खाली बसला. मुखवट्याला तोंड रंगवलेलं होतं, उघडं नव्हतं. त्यामुळे तो काढावा लागला. गळ्यापर्यंत काळाकुट्ट राक्षस आणि वर घामानं भिजलेला, दाढी पांढरी झालेला, ओशाळलेला तुळशीराम. मरणाआधी राक्षसाचं तोंड निमखेडानं आजवर पाहिलं नव्हतं.

"हे त तुळशीरामकाका हायेत," पुढच्या रांगेतली एक बारकी पोर म्हणाली आणि तिनं हातातलं ढेकूळ खाली टाकलं. दरवर्षी तो कोण असतो हे तिला ठाऊक नव्हतं, असं नाही. पण जेवताना पाहिल्यावर गोष्ट वेगळी होते.

सुरुवातीला तो भराभर जेवायला लागला. लग्नानंतर पहिल्यांदाच. मोठमोठे घास घेत होता. लवकर उरकावं, उभं राहावं आणि नीट मरावं, असं त्याच्या मनात होतं. मनकर्णाबाईचा सगळा भरवसा त्याच्या हळू जेवण्यावर, आणि आज यानं घाई काढली. तांब्या पुढं करायला ती वाकली. पाणी घ्यायला त्यानं मान वर केली, आणि त्याला तिचं कपाळ दिसलं.

त्या दिवशी, त्या वेळेला, त्यानं तिच्या कपाळावर कुंकू कधीच पाहिलं नव्हतं. घरी जायचं आणि तिचं उघडं कपाळ पाहायचं, हे त्याच्या इतक्या अंगवळणी पडलं होतं की आता तो हातातला घास तसाच धरून बघत राहिला.

"पुसलं नाई?"

"नाई. कढी घ्या."

तुळशीरामनं कढी घेतली. मग भाकरीचा एक तुकडा मोडला, त्याचे दोन केले, त्यातला एक बाजूला ठेवला. घास सावकाश चावला. लांबवर झाडाला माणिकरावांचा घोडा बांधलेला होता, त्याच्याकडे पाहिलं. मग दुसरा घास. मनकर्णाबाईला आयुष्यभर ज्या गोष्टीचा संताप आला होता, ती बघून तिचे डोळे भरून आले.

गाव उभं होतं. आधी लोकांत चुळबुळ झाली, मग एकेक जण खाली बसला. पंजाबरावाचा तलवारीचा हात अवघडला. त्यानं वडिलांकडे पाहिलं. वडील समोर बघत होते. ताटावर बसलेल्या माणसाला उठवा, असं माणिकरावांना म्हणता येत नव्हतं. देव शेवटी पाराच्या दुसऱ्या टोकाला बसला. मुकुट तापला होता, तो काढून त्यानं मांडीवर ठेवला.

"तू काई खाल्लं का सकाळपासून?" मनकर्णाबाईनं विचारलं.

"देवाले बी उपास असतो, काकू."

"घे मंग." तिनं दोन फुणके त्याच्या हातावर ठेवले.

पंजाबरावानं एकदा वडिलांकडे पाहिलं आणि खाल्ले. कारभारीला राहवेना. तो डफावर बोटांनी हळूहळू ताल धरून बसला, जात्यावर बसलेली बाई गुणगुणते तसा. सूर्य टेकडीआड गेला. गुरवाला गावातल्या कुठल्याच भानगडीशी कर्तव्य नव्हतं. तो नेहमीच्या वेळी आला, पारावरच्या देवा-राक्षसाला वळसा घालून देवळात गेला आणि मारुतीपुढे दिवा लावून बाहेर पडला.

तुळशीरामचा अर्धा फुणका तेव्हा ताटात शिल्लक होता. तो त्यानं संपवला, पाणी प्यायला, पाराच्या कडेला जाऊन हात धुतले आणि उभा राहिला. कुणी हललं नाही. माणिकराव खुर्चीवरून उठले, धोतराचा सोगा झटकला.

"दिवा लागला," ते म्हणाले आणि घराकडे चालू लागले. रागानं म्हणाले की परवानगी दिली, यावर निमखेडात आजही दोन पक्ष आहेत.

"राक्षस मेला का?" ती बारकी पोर कारभारीला विचारत होती.

"जेवला," कारभारी म्हणाला आणि डफ खांद्याला लावला.

दोघं घरी निघाली. तुळशीराम सवयीनं गोठ्याच्या वाटेला वळला होता, तिनं दंड धरून त्याला पुढच्या गल्लीत आणलं. मुखवटा त्याच्या काखेत होता. ती मनातल्या मनात त्याच्या रागाला उत्तरं तयार करत होती.

"फुणके कमी होते," तो म्हणाला.

"दोन देवानं खाल्ले."

"डरकाळी कशी वाटली?"

"ताट पडलं असतं हातातलं," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं.

पुढं फार काही घडलं नाही. माणिकराव पोळ्यापर्यंत त्यांच्याशी बोलले नाहीत. रोगराई आली नाही. पोरांना नेहमीचा खोकला झाला, तो दरवर्षी व्हायचा. दुसऱ्या चैत्रात पारावर काय करायचं यावर बैठक बसली आणि कुणाचं एकमत होईना, तोवर मनकर्णाबाईनं फुणके वाफवायला घेतले होते. तेव्हापासून निमखेडात राक्षस डरकाळ्या फोडतो, पारावर चढतो, देव तलवार उचलतो, आणि मग ताट येतं. आता कुणाच्या बायकोला कपाळ पुसायला लागत नव्हतं, तेव्हा राक्षस व्हायला घराघरांतून गडी पुढं यायला लागले. तुळशीरामनं आणखी काही वर्षं डरकाळी फोडली आणि मग आपण होऊन मुखवटा एका धाकट्या चुलतभावाला दिला. इंद्रभान त्याचं नाव.

तुळशीराम गेला तो दिवाळीच्या सुमाराला, दुपारी जेवून खाटेवर टेकला असताना. मनकर्णाबाई ताट उचलायला आली तेव्हा तिला कळलं. त्या दिवशी तिनं कपाळ पुसलं. फडकं कुणी आणून द्यावं लागलं नाही.

त्या चैत्रात गावात कुजबुज सुरू झाली. विधवा बाईनं पारावर ताट घेऊन यावं का? कुणी म्हणालं, गावातल्या एखाद्या सुनेच्या हातून पाठवू. कुणी म्हणालं, देवळातूनच प्रसाद देऊ. मनकर्णाबाईच्या कानावर आलं. ती घरात बसून राहिली, पण डाळ भिजत घातली होती.

सोंगाच्या संध्याकाळी इंद्रभान पारावर चढला. डरकाळी फोडली. देवानं तलवार उचलली, आणि कुणाची तरी सून देवळातलं ताट घेऊन आली. इंद्रभान खाली बसला, त्यानं मुखवटा काढला, ताटाकडे पाहिलं आणि पुन्हा चढवला.

"हे नाई," तो आतून म्हणाला. "मनकर्णावहिनीचं ताट येऊ द्या. तोवर मी उठत नाई अन्‌ मरत बी नाई."

पंजाबराव आता चाळिशीला आला होता. देव अजून तोच व्हायचा. त्यानं मुकुट काढून मांडीवर ठेवला आणि पारावर बसला. "मले बी भूक लागली," तो म्हणाला.

पोरं पळत तिच्या घरी गेली. मनकर्णाबाई आली, नेहमीसारखीच भराभर चालत, हातात ताट, वरून पदर. कपाळ उघडं होतं आणि ते तिनं पदरानं झाकलं नव्हतं. तिनं ताट ठेवलं, तांब्या ठेवला, देवाच्या हातावर दोन फुणके ठेवले. इंद्रभान तरणा गडी, दिवसभराचा उपाशी. त्यानं अर्धी भाकर एका घासात तोंडात कोंबली.

मनकर्णाबाई पाराच्या कडेला टेकली.

"हळू खाय बे," ती म्हणाली. "कोनाले घाई हाये."